भाडेकरार मुलाच्या नावावर: लंडनमधील एका सपोर्टेड लिव्हिंग सेवेचे परीक्षण

आमचा मुलगा तिशीला टेकला आहे. त्याला स्वमग्नता आहे आणि जोडीला बौद्धिक अक्षमताही आहे. मोजके मराठी शब्द, त्याहून थोडे अधिक इंग्रजी शब्द आणि उरलेले सारे हाताच्या खुणांनी व चित्रांच्या कार्डांनी, असा त्याचा बोलण्याचा व्यवहार चालतो. लंडनच्या वायव्य भागातील एका उपनगरात, आमच्या घरापासून एका बसच्या अंतरावर, तो आणखी दोन तरुणांबरोबर एका घरात राहतो आणि तेथे दिवसरात्र मदतनीस असतात. या व्यवस्थेला इंग्लंडमध्ये सपोर्टेड लिव्हिंग म्हणतात. इथल्या मराठी पालकांत हा विषय निघाला की एकतर ‘इकडे काय, सगळे सरकारच करते’ असे ऐकू येते, नाहीतर ‘पोटच्या पोराला परक्यांच्या हाती कसे सोपवायचे’ असे. या दोन्हींनी ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. सेवा देणाऱ्या संस्थेचे नाव मी देणार नाही. त्या घरात आणखी दोघे राहतात आणि त्यांचे खासगीपण जपले पाहिजे, हे पहिले कारण. दुसरे असे की एकाच संस्थेच्या दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, त्यामुळे नुसत्या नावावरून कुणाला फारसे काही कळणार नाही.

निर्वाळा आधीच देते. व्यवस्था म्हणून सपोर्टेड लिव्हिंग आम्हां दोघांनाही पटली आहे. ही विशिष्ट सेवा मात्र सोमवार ते शुक्रवार चांगली, शनिवार-रविवारी बेताची आणि कागदपत्रांच्या बाबतीत पालकांनी पिच्छा पुरवल्याशिवाय न हलणारी आहे. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी साडेतीन देईन, आणि त्यातला मोठा वाटा संस्थेच्या कार्यालयाचा नसून प्रत्यक्ष घरात काम करणाऱ्या तीन-चार माणसांचा आहे.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे घर आणि मदत यांची फारकत. केअर होममध्ये खोली आणि देखभाल एकाच संस्थेकडून, एकाच करारात मिळते. तेथील देखभाल पटली नाही तर खोलीही सोडावी लागते. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये घर बहुधा हाउसिंग असोसिएशनचे, म्हणजे परवडणारी घरे भाड्याने देणाऱ्या ना-नफा संस्थेचे असते, भाडेकरार राहणाऱ्याच्या नावावर असतो आणि भाडे बहुतांशी काउन्सिलकडून, म्हणजे स्थानिक पालिकेकडून, मिळणाऱ्या हाउसिंग बेनिफिट या भाडेभत्त्यातून भागते. मदत देणारी संस्था वेगळी असते. ‘केअर ॲक्ट २०१४’ प्रमाणे गरजांची पाहणी करून काउन्सिल तिच्याशी कंत्राट करते. ही फारकत कागदावर वाचताना तांत्रिक वाटते, पण तिचे मोल आम्हांला प्रत्यक्ष कळले. मुलगा तेथे राहायला गेल्यानंतर काही काळाने पहिल्या संस्थेचे कंत्राट संपले आणि काउन्सिलने दुसरी संस्था नेमली. आमच्या पोटात गोळा आला होता. परंतु मुलाचे घर तेच राहिले, खोली तीच, खिडकीबाहेरचे बसस्टॉपही तेच. आणि अशा हस्तांतरात कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा इथे असल्याने बरेचसे मदतनीसही नव्या संस्थेकडे वर्ग झाले. मुलाच्या दृष्टीने बदलला तो फक्त मदतनीसांच्या टी-शर्टवरचा छाप. केअर होम असते तर याच घडामोडीत त्याला बिऱ्हाड हलवावे लागले असते, आणि ज्याला टेबलावरचा कप सरकलेला चालत नाही त्याचे बिऱ्हाड हलवणे काय असते, हे अशा मुलांच्या आईबापांना सांगायला नको.

पैशांचा हिशेबही यामुळे बदलतो. काउन्सिलच्या खर्चाने केअर होममध्ये राहणाऱ्या माणसाचा, पिप या अक्षमतेपोटी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा रोजच्या जगण्यासाठीचा हिस्सा २८ दिवसांनंतर थांबतो आणि त्याच्या हाती आठवड्याला साधारण ३० पौंड एवढाच खासगी खर्च उरतो. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये तो भत्ता चालू राहतो. काउन्सिल त्याच्या उत्पन्नाची तपासणी करून मदतीच्या खर्चापोटी त्याच्याकडून काही वर्गणी घेते, मात्र ती घेताना ठरावीक किमान रक्कम त्याच्या हाती शिल्लक ठेवावीच लागते. अक्षमतेमुळे होणारा जादा खर्च, उदाहरणार्थ वारंवार धुवावी लागणारी अंथरुणे किंवा लवकर फाटणारे कपडे, या तपासणीत वजा करून मागता येतो. तो मागायचा असतो, आपण होऊन कोणी देत नाही. आईवडिलांचे उत्पन्न यात धरले जात नाही. मुलाची स्वतःची शिल्लक मात्र धरली जाते: १४,२५० पौंडांपर्यंत काही नाही, त्यावर हळूहळू वाढती वर्गणी आणि २३,२५० पौंडांच्या वर गेल्यास मदतीचा पूर्ण खर्च त्याचा त्यालाच करावा लागू शकतो. युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी भत्त्यासाठीची मर्यादा तर १६,००० पौंडांचीच आहे. आपल्याकडे आजी-आजोबा मायेने नातवाच्या नावावर मुदत ठेव करतात, आणि असा नातू असेल तर हमखास करतात. ती ठेव भारतात आहे म्हणून या हिशेबातून सुटत नाही. त्याच्या नावे काही ठेवायचे असेल तर इथल्या वकिलाकडून, विश्वस्तांच्या मर्जीने खर्च होणारा ट्रस्ट मृत्युपत्रात करून घेणे हा रुळलेला मार्ग आहे.

भाडेकराराच्या सहीचा प्रसंग अनेक मराठी पालकांना जड जाईल असा आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार आईवडिलांना आपोआप राहत नाही. ‘मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५’ या कायद्याची सुरुवातच अशी आहे की, असमर्थता सिद्ध होईपर्यंत प्रत्येक प्रौढ माणूस स्वतःचा निर्णय घेण्यास समर्थ मानावा. ही क्षमता सरसकट ठरवायची नसते; प्रत्येक निर्णयासाठी वेगळी तपासायची असते. आमचा मुलगा पोहायला जायचे की बोलिंगला हे निःसंशय ठरवू शकतो. भाडेकरार म्हणजे काय आणि तो मोडल्यास काय होते हे त्याला समजत नाही. त्यामुळे करारावर सही करण्यासाठी कोर्ट ऑफ प्रोटेक्शनचा, म्हणजे निर्णयक्षमता नसलेल्यांच्या बाबी पाहणाऱ्या न्यायालयाचा, आदेश घ्यावा लागला. त्या कामी घरमालक असोसिएशनचे कर्मचारी तत्पर होते, मदत देणारी संस्था मात्र प्रत्येक कागद दोनदा मागवत राहिली. माझे पती तेव्हा फार वैतागले होते आणि त्यांचा वैताग मला समजत होता. तरीही या कायद्याने घरातील रोजच्या वागणुकीला जी शिस्त लावली आहे ती मला मोलाची वाटते. सकाळी न्याहारीच्या वेळी मदतनीस त्याच्यापुढे दोन कार्डे धरतो आणि उत्तराची वाट पाहतो. खरोखरच वाट पाहतो, कधी कधी मिनिटभर. आपल्याकडे, अगदी प्रेमळ घरातही, ‘त्याला काय कळतंय’ म्हणून त्याच्या ताटात काय पडायचे ते दुसरेच ठरवतात. इथे त्याने केस कापायला नकार दिला तर त्या दिवशी केस कापले जात नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले जाते. त्याचे केस हल्ली बरेच वाढलेले असतात, हेही खरे.

इमारतीबद्दल थोडक्यात: तळमजल्यावर त्याची खोली, स्वतंत्र न्हाणीघर, खोलीला आतून लावता येणारे कुलूप, मागे लहानशी बाग. भिंती पातळ आहेत. दुरुस्तीच्या वेळी घर आणि मदत यांच्या फारकतीची दुसरी बाजू दिसते. ऐन थंडीत बॉयलर बंद पडला तेव्हा मदत देणारी संस्था म्हणाली, हे घरमालकाचे काम. घरमालकाकडून उत्तर आले की तक्रार भाडेकरूने नोंदवली पाहिजे. भाडेकरू म्हणजे आमचा मुलगा. शेवटी मी स्वतः फोन केला, तोही त्याच्या वतीने बोलण्याची परवानगी कागदावर आधीच असल्यामुळे चालला. केअर क्वालिटी कमिशन ही तपासणी यंत्रणा सपोर्टेड लिव्हिंगमध्ये अंघोळ, जेवण, औषधे यांसारख्या वैयक्तिक मदतीची तपासणी करते आणि ‘आउटस्टँडिंग’पासून ‘इनअडिक्वेट’पर्यंतच्या चार श्रेणींपैकी एक देते, घराची वास्तू तिच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे श्रेणी पाहून घराची कल्पना करू नये. अशा घरांवर देखरेख आणण्यासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला आहे, पण आमच्या बॉयलरला त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता माणसांविषयी, कारण या सेवेचे बरेवाईट शेवटी तेथेच ठरते. घरातील मुख्य मदतनीस घानातून आलेले मध्यमवयीन गृहस्थ आहेत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आमच्याकडून मुलाच्या खुणांची यादी मागून घेतली आणि ती स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली. बाहेरच्या बाजूला नाही, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याने ती वाचावी असे त्यांना वाटत नव्हते. एवढ्याशा गोष्टीवरून माणसाची पारख होते. ते असतात तेव्हा घर शांत असते. त्यांची पाळी संपली आणि तात्पुरती माणसे पुरवणाऱ्या एजन्सीकडून आलेला नवखा मदतनीस असला की त्याच घराचा सूर बदलतो.

याचे एक उदाहरण देते. संस्थेच्या रोजच्या नोंदी आता मोबाइलवरील ॲपमध्ये लिहिल्या जातात आणि आम्हांला त्या पाहता येतात. मध्यंतरी लागोपाठ काही शनिवार-रविवारच्या रात्रींसमोर ‘जेवण नाकारले’ अशी नोंद दिसू लागली. वजन घटते आहे की काय या काळजीने मी एका शनिवारी संध्याकाळी तेथे जाऊन बसले. मदतनीस तरुण, नम्र होता. त्याने मुलाच्या मदतीच्या लेखी योजनेत लिहिल्याप्रमाणे भात आणि आम्ही करून पाठवलेले वरण गरम केले, भात बशीत वाढला, वरण वेगळ्या वाटीत ठेवले आणि शेजारी काटा ठेवला. मुलगा हात मांडीवर ठेवून बसून राहिला. दहा मिनिटांनी मदतनीसाने ताट उचलले. मुलाने जेवण नाकारले नव्हते. वरण भातावर पडण्याची आणि भात कालवला जाण्याची तो वाट पाहत होता, कारण जन्मापासून त्याने वरणभात तसाच खाल्ला आहे, आणि हातानेच. मी वरण ओतले, भात कालवला, आणि ताट पुसून स्वच्छ झाले. त्या तरुणाचा यात काय दोष? योजनेत ‘वरणभात आवडतो’ एवढेच लिहिलेले होते. व्यवस्थापिकेने नंतर माझ्या सांगण्यावरून त्यात चार ओळी घातल्या: वरण आधी ओतावे, तूप घालावे, काटा ठेवू नये, जेवणापूर्वी हात धुवावेत. पण ही दुरुस्ती कागदावर उतरायला लागलेला वेळ पाहता, नवीन पालकांना माझे सांगणे आहे की योजना लिहिली जात असतानाच आपल्या घरच्या सवयी क्रियापदांसह लिहून द्याव्यात. ‘भारतीय जेवण’ या दोन शब्दांवर विसंबलात तर मुलापुढे रोज समोसा येईल.

मदतीच्या तासांचे गणित प्रत्येक पालकाने समजून घेतले पाहिजे, कारण तक्रारींचे मूळ बहुधा त्यातच असते. काही तास सामायिक असतात, म्हणजे घरातील सर्वांसाठी मिळून एक किंवा दोन मदतनीस. आणि काही तास एकास-एक असतात, जे पोहणे, खरेदी, डॉक्टरकडे जाणे अशा कामांसाठी त्या एकाच्याच नावे मंजूर झालेले असतात. रात्रीच्या मदतीचेही दोन प्रकार आहेत: जागा राहणारा मदतनीस आणि तेथेच झोपणारा, हाक मारली तर उठणारा मदतनीस. झोपणाऱ्या मदतनीसाला झोपेच्या तासांसाठी किमान वेतन लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२१ मध्ये आला, त्यामुळे तो प्रकार साहजिकच बराच स्वस्त पडतो, आणि खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली की प्रथम रात्रीकडे बोट जाते. आमच्या मुलाला अधूनमधून फिट येतात. अंथरुणाखाली बसवलेला संवेदक फिट आल्यास मदतनीसाच्या खोलीत घंटा वाजवतो आणि त्या भरवशावर आम्ही झोपणारा मदतनीस मान्य केला आहे. परंतु संवेदकाची चाचणी दर आठवड्याला होते आणि तिची नोंद राहते, ही अट आम्ही लेखी घातली.

एकास-एक तासांच्या बाबतीत मात्र या संस्थेने आमची निराशा केली. शनिवारचे पोहणे ‘कर्मचारी कमी आहेत’ या कारणाने वरचेवर रद्द होत असे आणि त्या दिवशीचे तास नंतर भरून दिले जात नसत. काउन्सिल मात्र कंत्राटाप्रमाणे पैसे मोजत होती. तोंडी तक्रारींना गोड उत्तरे मिळत. अखेर आम्ही मंजूर तास किती आणि प्रत्यक्ष दिलेले किती याचा तक्ता लेखी मागितला, त्याची प्रत काउन्सिलच्या सोशल वर्करला पाठवली आणि मुलाच्या योजनेचा फेरआढावा घ्यावा अशी विनंती केली. तक्ता येण्याआधीच पोहणे सुरळीत झाले. योजनेचा आढावा साधारण वर्षातून एकदा अपेक्षित असतो, पण गरज बदलल्यास मध्येही मागता येतो, आणि मुलाच्या बाजूने बोलायला जवळचे कोणी नसेल तर काउन्सिलने स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, त्याची बाजू मांडणारा माणूस) नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हातारपणी आपल्यानंतर काय, या प्रश्नाला मला आतापर्यंत मिळालेल्या उत्तरांपैकी हे त्यातल्या त्यात भक्कम वाटते.

औषधांच्या बाबतीत संस्थेला पैकीच्या पैकी गुण. स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना, मनोविकार नसतानाही, केवळ वर्तन आवरण्यासाठी मानसोपचाराची औषधे वर्षानुवर्षे दिली जाण्याचा प्रघात इथेही होता. तो मोडण्यासाठी एनएचएस इंग्लंड या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१६ पासून ‘स्टॉम्प’ ही मोहीम चालवली आहे. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा मुलगा, त्याच्या व आईवडिलांच्या विरोधाला न जुमानता दिलेल्या अशाच औषधानंतर दगावला. पुढे २०२२ च्या कायद्याने नोंदणीकृत सेवांतील कर्मचाऱ्यांना बौद्धिक अक्षमता व स्वमग्नतेविषयी प्रशिक्षण देणे बंधनकारक झाले आणि त्यासाठीच्या प्रमाण प्रशिक्षणाला ऑलिव्हरचे नाव दिले गेले. आमच्या मुलालाही शाळेच्या शेवटच्या वर्षांत असे एक औषध सुरू झाले होते. डॉक्टरांनी ते टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरवले तेव्हा मदतनीसांनी झोप, चिडचिड आणि भूक यांची रोजची नोंद इतकी नेटकी ठेवली की पुढचे पाऊल कधी टाकायचे हे डॉक्टरांना त्या कागदावरून ठरवता आले. औषधाचे कपाट कुलूपबंद असते, प्रत्येक गोळीसमोर सही असते आणि ‘गरज पडल्यास’ द्यायच्या औषधासाठी आधी काय करून पाहिले हे लिहावे लागते. जीपीकडील, म्हणजे फॅमिली डॉक्टरांकडील, वार्षिक आरोग्य तपासणी कधी चुकली नाही. ही तपासणी वयाच्या चौदाव्या वर्षापासून मिळते. त्यासाठी दवाखान्याच्या बौद्धिक अक्षमतेच्या यादीत नाव घातलेले असावे लागते, तेवढे पाहून घ्यावे.

कोणाबरोबर राहायचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही माहितीपत्रकात नीट मांडलेला आढळणार नाही. घरातील एक खोली काही महिने रिकामी होती. रिकाम्या खोलीचे भाडे बुडते, सामायिक तासांचा खर्च उरलेल्यांवर पडतो, त्यामुळे ती भरण्याची घाई सर्वांनाच असते. सुचवला गेलेला पहिला तरुण मोठ्याने ओरडून व्यक्त होणारा होता. त्याच्या आईशी मी बोलले, फार भली बाई. पण आमच्या मुलाला मोठा आवाज सहन होत नाही आणि त्या मुलाला शांतता. दोघांनाही त्रास झाला असता. भेटीच्या दोन संध्याकाळी मदतनीसांनी जे पाहिले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आणि काउन्सिलने आग्रह सोडला. संस्थेच्या कार्यालयाचा कल वेगळा होता, हे इथे नमूद केलेच पाहिजे.

आपल्या संस्कृतीचे काय, हे नातेवाईक हटकून विचारतात. संस्थेने दिवाळीला दारात दिव्यांची माळ लावली, ते ठीक. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते असे की गणपतीत डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात मुलाला घेऊन येण्यासाठी मदतनीसाची पाळी आधीच बदलून ठेवली जाते. कानांवर आवाज रोखणारे हेडफोन लावून तो मागच्या रांगेत उभा राहतो, आरतीला टाळ्या वाजवतो आणि प्रसाद घेऊन लगेच निघतो. मंडळातल्या मंडळींना आता त्याची सवय झाली आहे. एरवी अशी मुले घरातच ठेवण्याची आपली जुनी रीत इथेही अजून पुरती सुटलेली नाही.

पुण्याची आणि ठाण्याची नात्यातली माणसे फोनवर तुलना करतात, तिचाही विचार करावा लागेल. महाराष्ट्रात पालकांनी एकत्र येऊन, पदरमोड करून उभ्या केलेल्या निवासी संस्था आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वासाठी जिल्हा पातळीवर समिती दिली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. परंतु निवासी संस्थेत प्रवेश मिळतो, भाडेकरार मिळत नाही. संस्थेने नाही म्हटले तर राहण्याची जागाच जाते. हा फरक मूलभूत आहे. दुसरीकडे, अशा संस्थेत संध्याकाळी अंगणात तीस-चाळीस माणसांचा वावर असतो, कोणी भाजी निवडत असते, कोणी गाणे म्हणत असते. आमच्या मुलाच्या घरात संध्याकाळी सात वाजता तीन दारे बंद असतात आणि दिवाणखान्यात टीव्ही एकटाच बोलत असतो. स्वतःचे घर मिळण्यात एकटेपणाचाही वाटा असतो, आणि या संस्थेने त्यावर पुरेसा विचार केलेला मला दिसला नाही. दिवसा डे सेंटर, बागकामाचा गट, पोहणे, हे सारे आहे. मित्र मात्र नाही.

ही व्यवस्था कोणासाठी आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कामाच्या व्हिसावर नुकत्याच आलेल्या कुटुंबांच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ अशी अट असते, आणि हाउसिंग बेनिफिट, पिप, युनिव्हर्सल क्रेडिट हे सारे त्या निधीत मोडते; त्यांनी कोणताही अर्ज करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा. कायम वास्तव्य किंवा नागरिकत्व असलेल्यांनी उशीर करू नये. शाळेतील ईएचसी योजना, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलाच्या शिक्षण, आरोग्य व देखभालीची लेखी योजना, असेल तर नववीच्या वर्षापासूनच्या वार्षिक आढाव्यात प्रौढपणाच्या तयारीची चर्चा व्हायलाच हवी, आणि कोठे राहणार हा त्याचाच भाग आहे. योग्य घर मिळायला आमच्या भागात वर्षे लागतात. घर पाहायला जाताना शनिवारी संध्याकाळी जावे. मंगळवारी सकाळी प्रत्येक घर चांगलेच दिसते. चालू महिन्याचे पाळीपत्रक दाखवायला सांगावे आणि त्यात एजन्सीची नावे किती आहेत ते पाहावे. दाराची किल्ली राहणाऱ्याकडे आहे का, की फक्त मदतनीसांच्या जुडग्यात, हे विचारावे. आमच्या मुलाकडे ती आहे, गळ्यातल्या निळ्या नाडीला.

काउन्सिलकडे ‘केअर ॲक्ट असेसमेंट’ हवे, असे लेखी कळवावे आणि त्याची तारीख जपून ठेवावी. त्याच पत्रात आईवडिलांनी स्वतःसाठीही काळजीवाहक म्हणून असेसमेंट मागावे, तो स्वतंत्र हक्क आहे. तो फॉर्म भरताना आपले वय, गुडघेदुखी, रक्तदाब आणि मोडलेली झोप लिहायला संकोच करू नये. ‘आमचे आम्ही करतो’ असे तेथे लिहिले तर काउन्सिल ते खरे मानते आणि तास तेवढेच कमी मंजूर होतात.